उत्तर जुळत नाही? आधी भागाकार करा: वेग आणि त्वरणाच्या गणितातली चूक पकडायची रीत

सूत्र बरोबर आहे, आकडेमोड दोनदा तपासली, कॅल्क्युलेटरवरही तेच येतंय, पण पुस्तकामागचं उत्तर वेगळंच आहे. नववीच्या गतीच्या धड्यापासून ही तक्रार सुरू होते आणि अकरावी, सीईटीपर्यंत पाठ सोडत नाही. अशा वेळी बहुतेक मुलं तेच गणित त्याच वाटेने पुन्हा सोडवतात आणि साहजिकच तेच चुकीचं उत्तर पुन्हा मिळवतात. घरचे म्हणतात, जरा लक्ष देऊन कर. पण ही चूक लक्ष नसल्यामुळे झालेलीच नसते, त्यामुळे लक्ष देऊन ती सापडतही नाही.

माझा सल्ला असा: चुकलेलं उत्तर पुसू नका. तुमचं उत्तर भागिले पुस्तकातलं उत्तर, एवढा एकच भागाकार करा. एकसमान त्वरणाच्या गणितात चुकायच्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक जागा आपापला ठरलेला आकडा उत्तरात सोडून जातात. भागाकार ०.५ आला तर एक गडबड, ३.६ आला तर दुसरी, ०.७ आला तर तिसरी (किंवा चौथी, ते पुढे बघू). कुठे चुकलं हे कळलं की गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

तीन समीकरणं समोर असू द्या. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही अंतिम वेग, ए त्वरण (वेग बदलण्याचा दर), टी काळ आणि एस विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासूनचं अंतर, दिशेसह).

व्ही = यू + ए × टी
एस = यू × टी + ½ × ए × टी²
व्ही² = यू² + २ × ए × एस

तिन्हींना एकच अट आहे: त्वरण सगळा वेळ तेवढंच राहिलं पाहिजे. ही अट वाचून सगळे माना डोलावतात आणि पुढच्या ओळीत विसरतात.

भागाकार ०.५ किंवा २ आला

सगळ्यात जास्त भेटणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबू.

एक गोटी उतारावर विरामावस्थेतून सोडली. २ सेकंदांत ती ०.८० मीटर गेली. त्वरण किती? पुष्कळ वह्यांमध्ये असं सापडतं: वेग = अंतर भागिले काळ = ०.८० ÷ २ = ०.४ मी/से. मग त्वरण = वेग भागिले काळ = ०.४ ÷ २ = ०.२ मी/से². पुस्तकातलं उत्तर ०.४ मी/से². बरोबर अर्धं आलं.

दोन्ही पायऱ्या ऐकायला निर्दोष वाटतात. घोटाळा मधल्या सांध्यात आहे. पहिल्या पायरीतला ०.४ हा सरासरी वेग आहे. दुसऱ्या पायरीत तोच आकडा अंतिम वेग म्हणून वापरला गेला. गोटी शून्यापासून निघाली आणि तिचा वेग सारखा वाढत गेला, तेव्हा सरासरी ०.४ यायची तर शेवटी तो ०.८ असायलाच हवा. ०.८ ÷ २ = ०.४. झालं.

हीच चूक उलट दिशेनेही होते. त्वरण दिलेलं असतं, त्यावरून अंतिम वेग काढला जातो आणि त्या वेगाला सरळ काळाने गुणून अंतर काढलं जातं. मग उत्तर दुप्पट येतं. (सुरुवातीचा वेग शून्य नसेल तर या उलट चुकीत भागाकार नेमका २ येत नाही, दुसराच काही येतो. पण उपाय तोच.)

उपाय असा की वहीत नुसतं ‘वेग’ लिहायचंच नाही. दर वेळी सुरुवातीचा, अंतिम की सरासरी ते लिहायचं. त्वरण एकसमान असताना सरासरी वेग = (यू + व्ही) ÷ २, आणि अंतर = सरासरी वेग × काळ. माझ्या मते या दोन ओळी दुसऱ्या समीकरणापेक्षा आधी शिकवायला हव्यात, कारण ते समीकरण यांतूनच निघतं. इतिहासातही क्रम असाच आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी हा सरासरी वेगाचा नियम मांडला, आणि त्याच शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने तो आकृती काढून दाखवला. आज आपण वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ काढतो ते तेच. तेव्हा न्यूटनच काय, गॅलिलिओही जन्माला यायचा होता.

याच चुकीचं एक फसवं रूप प्रयोगवहीत दिसतं. समजा त्याच गोटीच्या जागा दर अर्ध्या सेकंदाला नोंदवल्या:

० सेकंद: ० सेमी
०.५ सेकंद: ५ सेमी
१ सेकंद: २० सेमी
१.५ सेकंद: ४५ सेमी
२ सेकंद: ८० सेमी

आता प्रत्येक टप्प्यातला वेग काढा. टप्पे ५, १५, २५, ३५ सेंटिमीटरचे, प्रत्येकी अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे वेग ०.१, ०.३, ०.५, ०.७ मी/से. इथवर ठीक. पुढे मुलं हे वेग टप्प्याच्या शेवटच्या क्षणासमोर लिहितात आणि त्या काळाने भागतात: ०.१ ÷ ०.५ = ०.२, मग ०.३ ÷ १ = ०.३, मग ०.५ ÷ १.५ = ०.३३, मग ०.७ ÷ २ = ०.३५. आणि निष्कर्ष लिहिला जातो: ‘त्वरण वाढत जाते.’ घर्षण कमी होत गेलं, उतार वाकडा होता, अशी कारणंही जोडली जातात. खरं तर मोजमाप अगदी चोख आहे. टप्प्याचा सरासरी वेग हा टप्प्याच्या मधल्या क्षणाचा वेग असतो. ०.१ हा वेग ०.२५ सेकंदाला, ०.३ हा ०.७५ ला, ०.५ हा १.२५ ला आणि ०.७ हा १.७५ ला. आता भागा. चारही वेळा ०.४ येतं.

त्या टप्प्यांकडे पुन्हा बघा: ५, १५, २५, ३५. म्हणजे १ : ३ : ५ : ७. विरामावस्थेतून एकसमान त्वरणाने निघालेली कुठलीही वस्तू सारख्या काळात विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरं कापते. गॅलिलिओने लाकडी तुळईत खोबण कोरून, ती तिरकी ठेवून, तीतून कांस्याचा गोळा सोडून आणि पाण्याच्या धारेने वेळ मोजून जे तपासलं, ते हेच. प्रयोगवहीत आकडे भरले की आधी हे प्रमाण बघा. ते जमत असेल तर मोजमापावर संशय घेऊ नका, चूक पुढच्या हिशेबात आहे. आणखी एक झटपट तपासणी: लागोपाठच्या टप्प्यांतला फरक इथे सगळीकडे १० सेमी आहे. ०.१० मीटर भागिले अर्ध्या सेकंदाचा वर्ग, म्हणजे ०.१० ÷ ०.२५ = ०.४. वर्ग करायला विसरलात तर ०.२ येतं. पुन्हा तेच अर्धं, पण या वेळी निव्वळ योगायोगाने, कारण टप्पा नेमका अर्ध्या सेकंदाचा होता.

भागाकार ३.६ किंवा १२.९६ आला

ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करायचं राहिलं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी परीक्षेत राहतं.

एसटी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक लागला आणि ती ६ सेकंदांत थांबली. अवत्वरण (वेग घटण्याचा दर) किती? ५४ गुणिले ५ भागिले १८ = १५ मी/से. १५ ÷ ६ = २.५ मी/से². रूपांतर न करता ५४ ÷ ६ = ९. भागाकार ३.६.

आता तीच बस, पण प्रश्नात वेळेऐवजी ४५ मीटर अंतर दिलंय. तिसऱ्या समीकरणाने १५² ÷ ९० = २.५. रूपांतर न करता ५४² ÷ ९० = ३२.४. भागाकार १२.९६, म्हणजे ३.६ चा वर्ग, कारण इथे वेगाचा वर्ग होतो. एक खोच लक्षात ठेवा: पहिलं समीकरण वापरूनही १२.९६ आला असेल तर रूपांतर केलंय, पण उलटं. ५/१८ ऐवजी १८/५ ने गुणलंय.

पुस्तकात उत्तर दिलेलं नसेल तेव्हा भागाकार कशाशी करणार? तेव्हा अंदाज कामी येतो. मोकळी सोडलेली वस्तू ९.८ मी/से² ने पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडीने करकचून ब्रेक मारला तरी ७-८ च्या आसपास मामला संपतो. लोकल स्टेशनातून सुटते तेव्हा तिचं त्वरण एकाच्या आतच असतं. बसचं अवत्वरण ३२.४ आलं म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या तिपटीहून जास्त. त्या बसमधले उभे प्रवासी समोरची काच फोडून बाहेर गेले असते. अशी उत्तरं खाली दोन रेघा मारून, चौकटीत बंद करून लिहिलेली मी बघतो तेव्हा वाटतं, चौकट आखण्याआधी क्षणभर ती बस डोळ्यांसमोर आणली असती तर बरं झालं असतं.

मिनिटं राहिली तर ६० किंवा ३६००, सेंटिमीटर राहिले तर १००. यात शोधण्यासारखं काही नाही.

भागाकार ०.७ च्या आसपास

इथे सावध राहा, कारण तीन वेगवेगळ्या चुका या एकाच आकड्याजवळ गर्दी करतात.

गणित कागदावरचं असेल आणि भागाकार ०.७०७ किंवा त्याचा व्यस्त १.४१४ आला असेल, तर अर्धं अंतर आणि अर्धा वेळ यांची गल्लत झाली आहे. प्रश्न साधारण असा असतो: गाडी विरामावस्थेतून निघून रस्त्याच्या शेवटी २० मी/से वेग गाठते, तर रस्त्याच्या मध्यावर वेग किती? हात आपोआप १० लिहितो. पण वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, अंतराच्या नाही. व्ही² हे अंतराच्या प्रमाणात वाढतं. अंतर निम्मं झालं की व्ही² निम्मं, आणि वेग २० ÷ √२ = १४.१ मी/से. दहाचा वेग ती पाव अंतरावरच गाठून बसलेली असते, कारण निम्मा वेळ तिथे संपतो.

ही समजूत मुळातच इतकी मोहक आहे की खुद्द गॅलिलिओ तिच्यात अडकला होता. १६०४ साली व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने विषम संख्यांचा नियम बरोबर सांगितला, पण त्याचं कारण देताना वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो ही मांडणी त्याच्या १६३८ च्या ग्रंथात छापून आली. त्यामुळे नववीतल्या पोराने इथे ठेच खाल्ली तर त्याच्या बुद्धीवर घसरण्याची गरज नाही.

प्रयोग असेल तर गोष्ट वेगळी. समजा २ मीटर लांबीची फळी एका टोकाला २० सेंटिमीटर उचलली. थीटा हा उताराचा कोन धरला तर साइन थीटा = उंची भागिले लांबी = ०.१. पुस्तकाप्रमाणे त्वरण = जी (गुरुत्व त्वरण, ९.८) × साइन थीटा = ०.९८ मी/से². गोळी सोडून मोजलं तर ०.७० च्या आसपास येतं. लगेच ‘घर्षणामुळे’ असं लिहून विषय मिटवला जातो. ते सूत्र घसरणाऱ्या वस्तूचं आहे, घरंगळणाऱ्या वस्तूचं नाही. गोळी पुढे जाते तशी स्वतःभोवती फिरतेही आणि उताराने दिलेल्या ऊर्जेचा काही वाटा त्या फिरण्यात जातो. भरीव गोलासाठी त्वरण ५/७ पट राहतं, म्हणजे ०.७१४ पट. टेबल टेनिसचा पोकळ चेंडू घेतलात तर ०.६ पट. पातळ पाइपचा तुकडा आडवा घरंगळवलात तर जवळजवळ अर्धं. (तेव्हा प्रयोगात भागाकार ०.५ आला तर आधी काय घरंगळवलंय ते बघा, मग सरासरी वेगाकडे वळा.) गोळी खोबणीतून सोडली तर ती तळावर नाही, दोन कडांवर टेकून फिरते आणि त्वरण ५/७ पेक्षाही कमी भरतं.

तिसरा संशयित म्हणजे स्टॉपवॉच. गोळी सोडताना आणि बटण दाबताना हात तुमचेच असतात, त्यामुळे सुरुवात जुळते. शेवटी मात्र गोळी आपटलेली दिसते आणि मग बोट हलतं; यात साधारण ०.२ सेकंद जातात. खरा वेळ १ सेकंद असेल तर तुम्ही १.२ मोजला. त्वरणाच्या सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून उत्तर १.४४ ने भागलं जातं आणि भागाकार ०.६९ येतो. ५/७ च्या इतका जवळ की बघून वेगळं ओळखता येणार नाही.

ओळखायचं कसं? उतार कमी करा. गोळीला ३ सेकंद लागतील असं करा. घरंगळण्यामुळे आलेला भागाकार ०.७१४ वरच राहील. बोटामुळे आलेला मात्र सुधारेल, कारण ३ सेकंदांत ०.२ ची चूक म्हणजे ३.२² ÷ ३² = १.१४, आणि भागाकार ०.८८. दोन्ही कारणं एकदम असतील तर सुरुवातीचा भागाकार ०.५ च्या जवळ येईल आणि उतार कमी केल्यावर ०.६३ कडे सरकेल.

हल्ली पुष्कळ जण मोबाइलवर व्हिडिओ काढून फ्रेम मोजतात. ही पद्धत स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी चांगली, फक्त स्लो मोशन लावला असेल तर एक खड्डा आहे. २४० फ्रेम प्रति सेकंदाने घेतलेला व्हिडिओ ३० ने चालवला तर पडद्यावर वेळ आठपट ताणलेला दिसतो. पडद्यावरच्या घड्याळाने हिशेब केला तर वेग आठपट कमी येतो आणि त्वरण चौसष्टपट कमी. १२० चा व्हिडिओ असेल तर चारपट आणि सोळापट. गुरुत्व त्वरण ०.१५ आलं म्हणून हताश झालेल्यांनी त्याला ६४ ने गुणून बघावं.

भागाकार ऋण आला, किंवा वर्गमुळाखाली ऋण संख्या आली

दिशेचं चिन्ह. २५ मीटर उंच गच्चीच्या कठड्यावरून चेंडू सरळ वर २० मी/से वेगाने फेकला. जमिनीवर किती वेळाने पडेल? जी १० धरा. वर ही दिशा धन मानली तर यू = +२०, ए = −१०, आणि चेंडू शेवटी सुटला त्या जागेच्या खाली आहे म्हणून एस = −२५. हे तिसरं चिन्ह सुटतं. उंची कधी ऋण असते का, असं वाटून लोक +२५ लिहितात. मग समीकरण होतं टी² − ४टी + ५ = ०, आणि विवेचक (वर्गमुळाखालची संख्या) १६ − २० = −४. गणित थांबतं. थांबणारच, कारण तुम्ही चेंडूला गच्चीच्या वर २५ मीटर जायला सांगितलंय आणि २० मी/से वेगाने तो २० मीटरच्या वर जाऊच शकत नाही.

बरोबर चिन्हं घेतली तर टी² − ४टी − ५ = ०, म्हणजे टी = ५ किंवा −१. पाच सेकंद हे उत्तर. −१ खोडून टाकण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा मात्र: हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मी/से वेगाने वर फेकला असता, तर बरोबर शून्याव्या सेकंदाला तो गच्चीपाशी २० मी/से वेगाने वर जाताना दिसला असता. समीकरणाला गच्चीशी देणंघेणं नाही, ते तो संपूर्ण प्रवास सांगतं.

दोन गैरसमज इथेच निपटून काढा. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, त्वरण नाही. ते तिथेही −१० च आहे, नाहीतर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. आणि त्वरण ऋण आहे म्हणून वेग मंदावतोच असं नाही. चेंडू खाली येताना वेग ऋण, त्वरणही ऋण, आणि चाल वाढतेय. मंदावणं हे दोघांची चिन्हं विरुद्ध असण्यावर ठरतं.

भागाकाराचा काहीच अर्थ लागत नाही

मग बहुधा ती एकमेव अट मोडली आहे: त्वरण सगळा वेळ तेच नव्हतं.

मघाचीच बस घ्या, १५ मी/से आणि अवत्वरण २.५. प्रश्न: ब्रेक लावल्यापासून १० सेकंदांत ती किती अंतर गेली? दुसऱ्या समीकरणात घातलं की १५० − १२५ = २५ मीटर. उत्तर आहे ४५. बस सहाव्या सेकंदाला ४५ मीटरवर थांबली. पुढचे चार सेकंद समीकरणाने तिला मागे चालवत २० मीटर परत आणलं. ब्रेक गाडी थांबवतो, उलटी नेत नाही. म्हणून ब्रेकच्या प्रत्येक गणितात थांबायचा वेळ आधी काढायचा, दिलेला वेळ त्याहून मोठा असेल तर थांबेपर्यंतच मोजायचं. वर फेकलेल्या चेंडूला हा नियम लावू नका. तो खरोखरच परत येतो.

दुसरा प्रकार टप्प्यांचा. समजा लोकल ०.५ मी/से² ने ४० सेकंद वेग घेते, २० मी/से वेगाने ६० सेकंद धावते आणि ०.८ मी/से² ने २५ सेकंदांत थांबते. एकूण अंतर? कुणी सुरुवातीचा वेग शून्य, शेवटचा शून्य, सरासरी शून्य असा हिशेब केला तर गाडी फलाटावरून हललीच नाही. तीन टप्पे वेगळे करायचे: ४०० + १२०० + २५० = १८५० मीटर. किंवा वेग-काल आलेख काढा, समलंब चौकोन मिळेल; (६० + १२५) ÷ २ × २० = १८५०. टप्प्यांच्या गणिताला मी तर आलेखच काढायला सांगतो. सूत्रं पाठ करण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्यात आलेख काढून होतो.

भागाकार २.७८ आला असेल आणि प्रश्न मुक्त पतनाचा असेल, तर ‘पाचव्या सेकंदात’ असं विचारलंय का ते पुन्हा वाचा. पाच सेकंदांत वस्तू १२५ मीटर पडते; पाचव्या सेकंदात १२५ − ८० = ४५ मीटर.

भागाकार १.०२ किंवा ०.९८ आला तर तुमचं काही चुकलेलं नाही. एकाने जी १० धरलाय, दुसऱ्याने ९.८. काळ किंवा वेग वर्गमूळ घेऊन काढला असेल तर फरक एका टक्क्यावरच येतो. प्रश्नात दिलेला आकडा घ्यावा, दिलेला नसेल तर ९.८, पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर तो प्रत्यक्षात ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतो, त्यामुळे भरपूर जवळचा आहे.

हे सगळं तपासून झालं तरी जुळत नाही

तर प्रश्नावर संशय घ्या. पाच राशी, त्यांतल्या तीन दिल्या की उरलेल्या दोन निघतात. तीन समीकरणं दिसतात तरी स्वतंत्र दोनच आहेत, तिसरं त्यांच्यातून निघतं. म्हणजे प्रश्नात चार राशी दिल्या असतील तर त्या एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्याची, आणि ती नेहमी पाळली जातेच असं नाही.

नमुना: ‘विरामावस्थेतून निघालेली गाडी १० सेकंदांत १०० मीटर जाते व तिचा वेग १५ मी/से होतो. एकसमान त्वरण काढा.’ पहिल्या समीकरणाने १५ ÷ १० = १.५. दुसऱ्याने २०० ÷ १०० = २. तिसऱ्याने २२५ ÷ २०० = १.१२५. तिन्ही रीती बरोबर, तिन्ही उत्तरं वेगळी. शून्यापासून एकसमान त्वरणाने १५ पर्यंत गेलेल्या गाडीचा सरासरी वेग ७.५, म्हणजे १० सेकंदांत ७५ मीटर. १०० मीटर व्हायचे तर शेवटचा वेग २० हवा. असं गणित समोर आलं तर दोन वेगवेगळ्या समीकरणांनी सोडवून दाखवा आणि वहीत दोन्ही उत्तरं लिहून शिक्षकांकडे न्या. परीक्षेत मात्र वाद घालायला वेळ नसतो: पर्यायांत तिन्हींपैकी जे उत्तर असेल त्यावर खूण करा, तिन्ही असतील तर पहिल्या समीकरणाचं घ्या, कारण त्वरणाची व्याख्या तीच आहे, आणि निकालाआधी आक्षेप नोंदवायची मुदत दिलेली असेल तर तेव्हा ही तीन ओळींची आकडेमोड जोडा.